आपापलं बोला

नामदेवराव आले तेव्हा घरात मी, निशिगंधा आणि फ्रीज अशी तिघं होतो, आणि तिघांत बोलत होता तो फ्रीजच. निशिगंधा माझी नात, गौतमची पोरगी. कानांवर हेडफोनचं वाट्यांएवढं डबडं चढवून लॅपटॉपसमोर बसली होती. दाराची घंटा तिला ऐकू आली नाही, मला आली. या घरात घंटा वाजली की मला बरं वाटतं, कुणाचं तरी चुकीचं पार्सल असलं तरी.

नामदेवराव भिंतीला हात लावत लावत आत आले. डोळ्यांवर काळा चष्मा. आमच्या विहारात वर्षावासाचे तीन महिने रोज संध्याकाळी ग्रंथ वाचतात, ते वाचन इतकी वर्षं याच माणसाने केलं. रेल्वेत क्लार्क होते, त्यामुळे वाचताना गाडी सुटायची घोषणा केल्यासारखा आवाज लागायचा, पण शब्द कधी चुकला नाही. ते मान्य करायला हवं.

"सखूताई, ऑपरेशन झालं पण अक्षर काही दिसंना," खुर्ची चाचपत ते म्हणाले. "यंदा वाचन तुम्ही करायचं."

"मी?"

"मग कोण? आपल्या पोरांना मराठी वाचता येतं का? सगळी इंग्लिश मीडियम, वर तेलुगू नाहीतर हिंदी. आमची त्रिवेणी म्हणते, यूट्यूबवर कुणीतरी वाचून ठेवलंय, स्पीकर जोडू, सगळे ऐकतील. एकदा स्पीकर आला ना ताई, तर माणूस परत वाचायला बसणार नाही. मला माहितीय."

त्रिवेणी त्यांची सून. मागच्या वर्षी ती एक दिवस वाचायला बसली होती तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हणाले होते, बाई, खडीवरून सायकल चालल्यासारखं वाचतेस. त्यानंतर ती वाचायला बसली नाही.

"बुद्धाच्या समोर डबा बोलणार?" मी म्हणाले. "आणि मधेच गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात येणार. नक्को. मी वाचते."

"वाटलंच मला. तुम्ही पाण्यासारखं वाचता, सगळ्या वस्तीला ठाऊक आहे."

ठाऊक असणारच. मीच सांगितलं होतं.

खरं काय होतं ते सांगते. मी दुसरीपर्यंत शिकले, त्यातलंही अर्धं ढोरांमागे गेलं. लग्न होऊन हैदराबादेत रेल्वेच्या क्वार्टरात आले तेव्हा नामदेवरावांनी बायकांचा संध्याकाळचा वर्ग काढला होता. एकदा त्यांनी मला उभं करून वाचायला लावलं. खोली चिडीचूप. मी एका अक्षरावर अडकले, मग पुढच्यावर, आणि मागून कुणीतरी फिसकन हसलं. मी पाटी खाली ठेवली, त्या हसणारीचा तिच्या माहेरासकट उद्धार केला आणि घरी आले. परत त्या वर्गात पाय ठेवला नाही.

घरी भिवाजी होते. नवऱ्याचं नाव घ्यायला मी कधी लाजले नाही. रेल्वेच्याच कारखान्यात फिटर, पत्र्यावरचे हातोडे ऐकून ऐकून कान गेलेले. घरी आले की रेडिओ इतका मोठा लावायचे की शेजारचं बिऱ्हाड बातम्या आमच्याच रेडिओवर ऐकायचं. शिवाय सगळ्या लाइनीतले बिघडलेले स्टोव्ह आमच्या दारात. इकडे रेडिओ बोंबलतोय, तिकडे कानस घासतेय, मागे मालगाडीचे डबे एकमेकांवर आपटतायत, आणि मी भिंतीला टेकून मोठ्याने वाचत बसलेय. अडकले तर अडकले. कोण ऐकतंय? परत वाचायचं, जीभ वळेपर्यंत.

माझं तोंड हलताना दिसलं की ते विचारायचे, "काय म्हणालीस?"

"तुम्हाला नाही."

"हाव हाव, उद्या आणतो."

मी भांडतेय नाहीतर काहीतरी आणायला सांगतेय, एवढंच त्यांना वाटायचं. असा आमचा संसार झाला. मी जाडजाड ग्रंथ वाचून संपवले आणि त्या माणसाला शेवटपर्यंत वाटत राहिलं की बायको तोंडाची फटकळ आहे. तीही होतेच म्हणा.

भिवाजींना जाऊन दोन पावसाळे झाले. क्वार्टर त्याआधीच सुटलं. गौतमने तारनाक्यात फ्लॅट घेतला, खिडक्यांना दुहेरी काच. "आई, काच ओढली की रोडचा आवाज झीरो," असं प्रत्येक पाहुण्याला ओढून दाखवतो. तो आणि वंदना, माझी सून, सकाळी ऑफिसला जातात ते दिवे लागल्यावर येतात. मग तो झीरो मी एकटी वापरते.

नामदेवराव गेल्यावर मी ग्रंथ काढला. चष्मा पुसला. मोठ्याने सुरुवात केली आणि पहिल्याच ओळीत थांबले. अक्षरं स्वच्छ दिसत होती, मोतीबिंदू मी केव्हाच काढून घेतलाय. पण प्रत्येक शब्द तोंडातून बाहेर पडला की त्या रिकाम्या खोलीत उभा राहायचा आणि माझ्याकडे बघायचा. माझाच आवाज मला ऐकू आला की पुढचं अक्षर सुचेना. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तिथंच. वर्गात अडकले होते अगदी तशी.

टीव्ही लावला. तेलुगू सीरियल चालू होती. पण त्यातली सासू इतकी चुकीची वागत होती की ग्रंथ बाजूला ठेवून मला तिला चार शब्द सांगावे लागले. मग बाल्कनीचं दार उघडलं. बसेस, हॉर्न, भाजीवाल्याची रेकॉर्ड, सगळं छान आत आलं. जीभ जरा हलायला लागली तोच निशिगंधाने एक वाटी कानावरून सरकवली.

"आजी, डोअर बंद कर ना, प्लीज. फोकस होत नाही."

"दिवसभर कानाला लावून काय ऐकतेस तू?"

"कॅफे."

"म्हणजे?"

"कॉफी शॉपचा आवाज, आजी. लोक बोलतात, कप वाजतात, मशीन चालते. ते बॅकग्राउंडला पाहिजे. नाहीतर काम होत नाही माझं."

मी तिच्याकडे बघतच राहिले. "म्हणजे परकी माणसं कुठंतरी कॉफी ढोसतात, ती बडबड तू इथं बसून ऐकतेस. आणि इथं जिवंत आजी बसलीय, तिने भांडं जरा आपटलं की आजी, श्श?"

"तुझं वेगळं आहे ना. तू बोललीस तर मला सुनावं लागतं, जवाब द्यावा लागतो. ते लोक मला काही म्हणत नाहीत."

मी उठून बाल्कनीचं दार लावलं. असं क्वचित होतं.

पोरगी मनाची वाईट नाही. मला काय हवंय ते कळल्यावर तिने ते डबडं माझ्या डोक्यावर चढवलं आणि शोधून शोधून रेल्वेगाडीचा आवाज लावून दिला. "घे, तुझी ट्रेन. टेन अवर्स." दहा तास चालणारी ती गाडी नुसतीच चालत होती. ना स्टेशन, ना शिट्टी, ना चहावाला. तरी मी वाचायला लागले. थोड्या वेळाने निशिगंधा दोन्ही हात हलवून काहीतरी सांगत होती आणि दारात वरच्या मजल्यावरची रेड्डीबाई घाबरून उभी होती, "एमैंदम्मा, एमैंदि?" काय झालं, कुणाला काय झालं? मी इतक्या जोरात ओरडत होते की तिला वाटलं घरात कुणी गेलं. ते डबडं मी काढून ठेवलं.

गिरणी मात्र अचानक सापडली. वंदनाने ज्वारी दळून आणायला सांगितली होती. गल्लीच्या टोकाला यादगिरीची गिरणी आहे. "बैठो अम्मा, टैम लगता," म्हणत त्याने स्टूल दिलं. पट्टा थाडथाड फिरायला लागला, जातं घरघरलं, भिंत हलायला लागली, आणि माझ्या मांडीवरच्या पिशवीवर जे काही छापलं होतं ते मी मोठ्याने वाचत होते! साबणाची जाहिरात होती. घडाघडा वाचली.

दुसऱ्या दिवशी गहू घेऊन गेले, पिशवीत खाली ग्रंथ. कोपऱ्यात बसून चांगली दोन-तीन पानं वाचली. एकदाही अडकले नाही. यादगिरी पांढऱ्या भुवया वर करून बघत होता.

"अम्मा, दुआ पढ रहे क्या?"

"हौ. तेरी गिरणी चलने दे बोलके."

तो खूश झाला आणि मशीन उगीचच थोडा वेळ जास्त चालू ठेवलं.

आता रोज काहीतरी दळायला नेणं आलं. तांदूळ झाले, हरभऱ्याची डाळ झाली, उडीद झाले. नाचणी आमच्या घरात कुणी खात नाही, तीही आणून दळली. एका रविवारी वंदनाने कुकर उघडला तर आत बेसन.

"आई, हे काय आहे? डब्यांत पीठ, बरणीत पीठ, आता कुकरमध्ये. आपण खानावळ काढतोय का?"

"पावसाळा आहे. घरात पीठ असलेलं बरं."

"पावसाळ्यातच अळ्या होतात पिठाला!"

बरोबर होतं तिचं. पण सुनेला बरोबर म्हणायची सवय लावली की पुढे जड जातं. मी म्हणाले, "मग भाक्री खा. ओट्स खाऊन काय झालीस बघ," आणि भांडण दुसऱ्या रुळावर नेलं.

वर्षावासाला थोडेच दिवस राहिले होते. एका दुपारी पाऊस आला म्हणून निशिगंधा छत्री घेऊन गिरणीत आली. किती वेळ माझ्या मागे उभी होती कोण जाणे. मला तिचे बूट दिसले आणि वाक्य अर्ध्यावर तुटलं.

"वाच ना, आजी."

"झालं."

"मी आले म्हणून थांबलीस."

"जीभ दुखली."

छत्रीखालून चालताना तिने पिठाची पिशवी माझ्याकडून घेतली. मग म्हणाली, "तुला नॉइज नको आहे, आजी. तुला कोणी सुनू नये असं पाहिजे."

"तुला काय कळतंय? बाराखडी येत नाही मराठीची."

"तेच बोलते. मला तर समजत पण नाही ते पुस्तक. मग माझ्यासमोर का लाजतेस?"

"लाजतेय कोण?" मी छत्री तिच्याकडून ओढून घेतली. घराजवळ आल्यावर मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "पौर्णिमेला येतेस का विहारात?"

"संध्याकाळी यूएसचा कॉल असतो ना." मग मला बरं वाटावं म्हणून म्हणाली, "तू फोड डालेगी, आजी."

पौर्णिमेला, वर्षावासाच्या पहिल्या संध्याकाळी, मी खळ घातलेलं पांढरं पातळ नेसले. आमचा विहार म्हणजे एक लांबट हॉल, समोर मूर्ती, खाली सतरंज्या. वीसेक माणसं असतील. त्रिशरण, पंचशील सगळ्यांबरोबर म्हटलं, तेव्हा माझा आवाज मस्त लागला होता. सगळ्यांत मिसळलेला असला की तो छानच लागतो. मग मला पुढे बसवलं, ग्रंथ समोर ठेवला. नामदेवराव अगदी जवळ, पहिल्या ओळीत, मान माझ्याकडे कलती करून.

"जरा थांबा," त्रिवेणी उठली. तिने पोरांना बाहेर पिटाळलं, दार लावलं आणि पंखे बंद केले. "सखूमावशींचा आवाज शेवटपर्यंत पोचला पाहिजे."

या बाईला मी आजवर बरंच बोललेय. पण ती उट्टं काढेल तर इतक्या नीटनेटकेपणाने, असं वाटलं नव्हतं. आणि तिच्या मनात तसं काही नव्हतंच, तिने खरोखरच मानाने पंखे बंद केले होते. ते जास्त वाईट.

पहिला शब्द आला. दुसरा आला. तिसऱ्याला जोडाक्षर होतं. मी त्याच्याकडे बघत बसले. गिरणीत हेच पान मी किती वेळा वाचलं होतं. कुणाच्या तरी बांगड्या वाजल्या, मी त्या आवाजाला धरून पुढे जाणार तोच तिने हात दाबून धरला. सगळे माझ्याकडे बघत होते, आपुलकीने बघत होते, आणि मला आयुष्यात कधी इतकं एकटं वाटलं नव्हतं. आता मागून कुणीतरी हसणार. कुणी हसलं नाही. हसलं असतं तर शिव्या तरी देता आल्या असत्या.

त्रिवेणीचा हात हळूच तिच्या पर्सकडे गेला. "मावशी, घशाला त्रास होत असेल तर राहू द्या. मी स्पीकर आणलाय."

"घशाला काय धाड भरलीय माझ्या?" मी म्हणाले. आणि मग जे आलं ते आपोआप आलं. "हे असे मयताला आल्यासारखे काय बसलात सगळे? घरी कुणी बोलतं का तुमच्याशी? जो तो फोनमध्ये. इथं चार माणसं भेटतात तर इथंही तोंडं शिवून! बोला. आपापलं बोला. मी वाचते. आणि आधी ते पंखे लाव."

नामदेवरावांनी काळा चष्मा वर केला. "सखूताई, ग्रंथ चालू असताना बोलायचं?"

"का? बुद्ध झाडाखाली बसून सांगायचे, तेव्हा वरची पाखरं गप्प बसत होती का?"

त्यांनी चष्मा परत खाली केला. क्लार्क माणूस, नियमात नसलेलं विचारलं की अडतो.

पंखे लागले. आधी कुणीतरी खोकलं. मग एका म्हातारीने शेजारणीला तिच्या जावयाचं विचारलं, अगदी हळू. जावयाने काय केलं ते ऐकून तिसरी वळली. मागे पुरुषांत मेट्रोचं निघालं, पेन्शनचं निघालं. दार उघडलं, पोरं आत आली. बघता बघता हॉल कढईसारखा तडतडायला लागला, आणि माझी जीभ सुटली.

मी वाचलं. काय वाचलं म्हणून सांगू! सिद्धार्थ घर सोडून निघतो तो भाग होता. आई रडतेय, बाप रडतोय, बायको मन घट्ट करून निरोप देतेय. जिथं थांबायचं तिथं थांबले, जिथं आवाज उतरवायचा तिथं उतरवला. शेवटी मलाच रडू आलं, तरी अक्षर सुटलं नाही. डोळे पुसून वर बघितलं. त्रिवेणी शेजारणीला फोनवर ब्लाउजचा गळा दाखवत होती. नामदेवरावांनी सुरुवातीला कानामागे हात धरला होता, तो आता खाली आला होता. ते कुणाला तरी डोळ्यात थेंब घालायची रीत समजावत होते.

"झालं," मी म्हणाले. परत म्हणाले, "झालं!" तेव्हा सगळ्यांनी हात जोडले.

"पाण्यासारखं वाचलंत, मावशी," त्रिवेणी म्हणाली.

"कुठला भाग आवडला तुला?"

"सगळाच," ती म्हणाली आणि खिरीची वाटी माझ्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी माणसं वाढली. तिसऱ्या दिवशी आणखी. ज्यांनी कित्येक वर्षं विहाराचं तोंड बघितलं नव्हतं ते नारायणगुड्याहून बस बदलून यायला लागले. त्रिवेणी येताना मेथीची जुडी आणते, वाचन होईपर्यंत निवडून होते. तिचा स्पीकर कपाटात गेला तो गेलाच. नामदेवराव म्हणतात, "सखूताई, तुमच्यामुळे विहार भरला." वस्तीत बोलतात की सखूताईंसारखं वाचन कुणाला जमायचं नाही. मी जिंकले, यात वादच नाही.

"कसं चाललंय, आजी?" निशिगंधा विचारते.

"हॉल पुरत नाही."

"वॉव," ती म्हणते आणि वाट्या कानावर ओढून घेते.

परवा एक पान संपलं आणि उलटायला बोट लावलं, तेव्हा मनात काय आलं कोण जाणे, मी बोट काढलं आणि तेच पान परत पहिल्यापासून वाचलं. कुणाच्या लक्षात आलं नाही. नामदेवरावांच्याही नाही, ज्यांना तो ग्रंथ पाठ असायला हवा. समोर कुणाच्या तरी साखरपुड्याचा बेत ठरत होता आणि सगळे जीव लावून त्यात बोलत होते.

मग मी तिसऱ्यांदा वाचलं. सावकाश, समोर कुणीतरी मान डोलवत बसलंय असं धरून, प्रत्येक वाक्याला थांबून, उत्तराला जागा ठेवून.

तिन्ही वेळा एक चूक झाली नाही.

मग पान उलटलं.